चार तारा, एक गुलाबी पट्टी

मला चौथ्या मजल्यावर जायचं होतं आणि लिफ्ट बंद होती. दार सताड उघडं, आत एक माणूस गुडघ्यांवर बसून बटणांमागच्या तारांमध्ये तोंड खुपसून बसलेला. आणि मी नेमकी त्याच दिवशी नवी चप्पल घातलेली!

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"होईल."

"कधी?"

"झाली की."

असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरतं. "लोकांना जिने चढायला लावायचे आणि वर तोंड करून बोलायचं!"

"तोंड आत आहे," आतून आवाज आला.

पाय आपटत चार मजले चढले. दाराला कुलूप! जाहिरातीतल्या नंबरावर फोन लावला, तर घंटी वाजली थेट जिन्याखालून. पाठोपाठ घरघर करत लिफ्ट वर आली, दार उघडलं, आणि तोच माणूस कानाला फोन लावून माझ्यासमोर उभा. कपाळावर काळं वंगण.

"बोला," तो फोनमध्येच म्हणाला.

"बेस गिटार... बघायला आले होते," मीही फोनमध्येच म्हणाले. मग दोघांनाही आपण काय करतोय ते कळलं आणि आम्ही फोन खाली केले.

त्याचं कामच लिफ्ट दुरुस्तीचं. स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट म्हणजे फुकटचं काम, त्यामुळे तीच सगळ्यात जास्त बिघडायची. त्यानं मला आत बसवलं, पाणी दिलं, काळी बेस गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आधीच सांगतो, घेऊ नका."

"ही विकायची कुठली पद्धत?"

"मान पुढे झुकलीय. मानेवरच्या या धातूच्या पडद्यांच्या कडा बोटांना टोचतात. वायर लावली की फ्रिजसारखी घुरघुरते. आणि हा दुसरा पिकअप... म्हणजे तारांखालचा हा चुंबकाचा डबा, आवाज हाच पकडतो... तो मेलाय."

"मग चांगलं काय आहे हिच्यात?"

त्यानं बराच विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला. "पट्टा," तो म्हणाला.

मला हसू फुटलं. आणि हसता हसता मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. वंगण सोडलं तर... बरा होता. बराच बरा होता.

"घेतली," मी म्हटलं. "मशीनं आहेत माझ्याकडे, घासून काढीन. मी कवळ्या बनवते."

त्यानं पटकन तोंड मिटलं. माझा धंदा ऐकला की सगळे आधी तोंड मिटतात. हा मात्र मिटल्या तोंडानंच हसला, त्यामुळे एका गालाला खळी पडते हे मला कळून चुकलं.

आता मला ही गिटार एवढी का हवी होती, ते सांगते. सकाळी आठपासून मी एका खोलीत एकटी, समोर लोकांचे जबडे. प्लास्टरचे. गप्पा मारायला कोणी नाही, आणि जे आहेत ते सगळे बोळके. क्लासमधल्या गिटारीवर मी दोन वर्षं बेस शिकले होते, आणि वाद्यांच्या दुकानात एक कागद चिकटवलेला दिसला होता: 'बँडला बेस वाजवणारी किंवा वाजवणारा हवा. ताल हवा, नखरे नकोत.' चाचणी महिन्याअखेर, त्यांचं एक गाणं बसवून यायचं, वाद्य आपापलं आणायचं. मला तिथे जायचंच होतं. चार माणसांत उभं राहून मनसोक्त गोंगाट करायचा होता. आणि माझ्या ऐपतीत बसणारी गावातली ही एकच.

घरी आणली तर बाबांनी तारा मोजल्या. "चारच? बाकीच्या दोन नंतर देणार का तो?"

"बाबा, हिला चारच असतात."

"फसवलं तुला."

आईला तारांचं काही नव्हतं. "तो काय करतो म्हणालीस?"

"गिटारीबद्दल बोलतोय ना आपण?"

"हो हो, गिटारीबद्दलच. लग्न झालंय का त्याचं?"

सोल्डरिंग, म्हणजे वायरींना डाग देणं, मला येत नव्हतं, त्याला येत होतं. त्यामुळे रविवारी दुपारी तो माझ्या लॅबमध्ये यायला लागला. कामासाठी. निव्वळ कामासाठी! पहिल्याच दिवशी दारात थबकला. फळीवर ओळीनं मांडलेले जबडे त्याच्याकडे बघत होते.

"हे सगळे हसतायत मला."

"हसत नाहीत. त्यांना मिटता येत नाही."

आम्ही मानेतली सळई पिळून मान सरळ केली. कवळीला चकाकी आणायच्या मशीनवर मी पडद्यांच्या कडा घासल्या, इतक्या की त्यावरून बोट लोण्यावरून फिरल्यासारखं फिरायला लागलं. त्यानं गिटारीच्या पोटातल्या खोबणीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, आणि ती घुरघुर एकदम गप्प झाली. त्या शांततेत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी उगाचच टेबल पुसलं.

मानेच्या टोकाला एक छोटी पट्टी असते, तारा तिच्या खाचांवर टेकतात. जुनी तुटकी होती. कवळीच्या प्लास्टिकची नवी घडवते म्हटलं. त्या दिवशी शिल्लक होतं ते हिरडीचं, गुलाबी.

"हिला हिरडी लावताय?" तो म्हणाला.

"का, तुम्हाला दात हवेत?"

"नको नको. चावली तर?" मग जरा थांबून, पट्टीकडे बघतच म्हणाला, "ते तुम्ही-बिम्ही राहू दे की. मला एकदम पेशंट असल्यासारखं वाटतं."

"बरं... तू," मी म्हटलं. एवढासा शब्द, पण कान गरम झाले माझे.

खरं सांगते, ती पहिलीच पट्टी बरोबर बसली होती. लोकांच्या तोंडात केसाएवढी चूक खपत नाही, मला माप एकदाच पुरतं. पण पट्टी बसली की रविवार संपणार होता. म्हणून मी मान हलवून "छे, नीट नाही बसली" म्हटलं, आणि पुढच्या रविवारी दुसरी केली. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरी. तो प्रत्येक वेळी डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "हो, किंचित हलतेय." हलत नव्हती. सूतभरसुद्धा हलत नव्हती.

तिसऱ्या पट्टीच्या दिवशी मी चाचणीचं गाणं सहज वाजवून बघत होते, तर हा सोबत पुढची ओळ गुणगुणायला लागला.

"तुला हे कसं माहीत?"

"ताईच्या बँडचं आहे. ताई ड्रम वाजवते. बेस मी वाजवायचो... मग तिनं मला काढलं. केवळ भाऊ आहे म्हणून बँडमध्ये ठेवणार नाही म्हणाली." तो हसला, पण खळी काही पडली नाही. "जेवायला मात्र रोज बोलावते. भाजी वाढता वाढता सांगते, नवीन माणूस शोधतेय म्हणून."

म्हणजे मी ज्याच्याकडून गिटार घेतली, ज्याच्याकडून ती सुधारून घेतेय, त्याच्याच जागेवर जाऊन बसणार होते. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं; हे गाणं तुला कुठून माहीत म्हणून त्यानं विचारलं तेव्हाही 'कुठेतरी ऐकलं' म्हणून वेळ मारून नेली. सांगितलं आणि तो यायचाच थांबला तर?

शेवटी चाचणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो मुद्दाम वेळ काढून नवा पिकअप बसवायला आला, आणि मला राहवेना. त्याच्या हातात सोल्डरिंगची सळई, पिकअपच्या दोन वायरी बाहेर लोंबतायत, आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

त्यानं सळई खाली ठेवली. "म्हणजे एवढे दिवस... माझ्याकडून चाचणीची तयारी करून घेत होतीस."

'नाही' म्हणायचं होतं मला. पण माझ्या जिभेला हाड नाही, आणि अपराधी वाटलं की मी आणखी भडकते. "हो, मग? तूच विकलीस ना?"

त्यानं आपली सळई उचलली, बूट घातले आणि गेला. फळीवरचे जबडे माझ्याकडे बघत राहिले, आणि या वेळी मलाही वाटलं की ते हसतायत.

मी खूप रडले. मग नाक पुसून बाबांची जुनाट सोल्डरिंगची सळई आणली. एक पांढरी वायर, एक काळी, एवढंच तर होतं. दोन्हीकडे डाग दिला, बोट भाजून घेतलं, आणि नुसत्या नव्या पिकअपचा आवाज येतोय एवढं बघून झाकण लावलं.

रविवारी रिमझिम पाऊस होता. बँडची खोली गाड्या धुण्याच्या दुकानामागे, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. ताई ड्रममागे बसलेली, दंड पैलवानासारखे, आणि हसली तर... हो, तीच खळी.

"वाजव," ती म्हणाली.

मी वायर लावली, दोन्ही पिकअपची बटणं पूर्ण उघडली आणि पहिला सूर छेडला. बेस कुठला? बाटलीत अडकलेल्या डासासारखा आवाज!

ताईनं काठी थांबवली. "हे काय आहे?"

मी पुन्हा वाजवलं. पुन्हा डास. दोन वर्षांचं शिकणं, महिनाभराची घासघास, सगळं पाण्यात. गाशा गुंडाळायचा एवढंच बाकी होतं, तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"उलट्या लावल्यास!" भिजलेला, धापा टाकणारा, हातात सोल्डरिंगची सळई. "वायरी उलट्या लावल्यास तू! दोन्ही पिकअप एकमेकांचा आवाज खातायत. एक बटण पूर्ण बंद कर!"

मी केलं. सूर छेडला. आणि असा जाड, गोल, भरलेला आवाज आला की भिंतीवरचा एक ट्रे निसटून खाली पडला.

"तू इथे काय करतोयस?" ताई भावावर खेकसली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, गुलाबी पट्टीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. "थांब थांब... रोज जेवताना माझं डोकं खातोस ती दातवाली, हीच का?"

"ताई, प्लीज."

"हिनं असं म्हटलं, हिनं तसं म्हटलं... आमटी गार होते माझी!"

तो कानापर्यंत लाल झाला. मी वाजवायला सुरुवात केली, नाहीतर मीही झाले असते. गाणं संपेपर्यंत एकही चूक केली नाही. ताईनं काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "बुधवारपासून ये. आणि आत्ता दोघं बाहेर जा, काय ते बोलून या. माझ्या खोलीत नको."

बाहेर वळचणीखाली जेमतेम दोघांपुरती जागा होती.

"आधी लॅबवर गेलो होतो," तो म्हणाला. "वायरी जोडून द्यायला. कुलूप होतं. मग पळत..."

"का आलास? गप्प बसला असतास तर तुझी जागा रिकामी राहिली असती."

"जागा गेली खड्ड्यात. मला वाजवायला कधी आवडलंच नाही, दुरुस्त करायलाच आवडतं. काल राग आला तो जागेचा नव्हता." त्यानं बुटाच्या टोकानं पाण्याचा ओघळ अडवला. "मला वाटलं होतं, रविवार... माझ्यासाठी होते."

आता जीभ नेमकी टाळूला चिकटली. पण बोलले. "पहिलीच पट्टी बरोबर बसली होती."

"काय?"

"पहिलीच! दुसरी आणि तिसरी मी तू यावास म्हणून केली. मला तू आवडतोस. कळलं? बँडही हवाय आणि तूही हवायस, आणि दोन्हींतलं एकही मी सोडणार नाही."

त्याच्या गालाला खळी पडली, चांगली खोल पडली. "आणि मी 'हलतेय' कशाला म्हणत होतो, असं वाटतं तुला?"

मी त्याच्या भिजलेल्या बाहीला धरलं. आतून ताईचा ड्रम मुद्दाम जोरजोरात वाजायला लागला.

"पण आता गिटार तर झाली," तो हळूच म्हणाला. "वायरी काय, पाच मिनिटांचं काम. मग पुढच्या रविवारी... काय निमित्त काढायचं?"

"निमित्त कशाला लागतंय?" मी म्हटलं. "नुसता ये."