कच्च्या दगडावरची ताडपत्री

मार्व्हा प्रूइट कोर्टाच्या गच्चीवर पोचली तेव्हा तिच्या दगडांवर कुणीतरी ताडपत्री घातलेली होती.

नुसती टाकलेली नव्हे. कोपरे आत दुमडून, दोरीने आवळून, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी बांधलेली. रात्री आधी पाऊस पडला होता, मग मोसमातलं पहिलं कडक दंव. आणि तो पाऊस दगडांना लागायलाच हवा होता. चुनखडीच्या लहान लाद्या लोखंडी मांडणीवर उघड्या ठेवायच्या आणि हवा-पाऊस त्यांचं काय करतात ते वजनावरून पाहायचं, यासाठीच तिला नेमलं होतं. वर्षभराच्या जुन्या लाद्या उतरवून या नव्या कापलेल्या तिने त्याच आठवड्यात मांडल्या होत्या.

"कुणाचा हा उद्योग?" तिने मोठ्याने विचारलं.

"माझा," कठड्यापलीकडून आवाज आला. मग एक डोकं वर आलं, भुवयांपर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेलं. "आभार मानायची गरज नाही."

तो टुलिओ बाल्दी. बाहेरच्या परांचीवर उभा राहून इमारतीच्या कोरीव चेहऱ्यांची डागडुजी करत होता. इंडियानातल्या या खाणींच्या गावात तिसऱ्या पिढीचा पाथरवट. खाणीतून नुकत्या निघालेल्या दगडात ओल असते आणि दंवात उघडा राहिला तर तो तडकतो, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. ताज्या लाद्या दिसल्या आणि त्याचे हात आपोआप चालले.

"त्या भिजायलाच ठेवल्यात," मार्व्हा म्हणाली. "तुम्ही माझा अख्खा पाऊस बुडवलात."

"पाऊस बुडवला..." त्याने मान तिरकी केली. "हा आळ पहिल्यांदाच येतोय."

तिला हसायचं नव्हतं. ती खाली वाकून गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. त्याने कठड्यावरून हात लांबवून ती एका झटक्यात सोडली आणि बोट तिच्या बोटाला लागलं — खरखरीत, गार. मार्व्हाने दिवसभर तो हात खिशात ठेवला.

पुढे गच्चीवर तिच्या खेपा वाढल्या. काम तेवढंच होतं, कारणं वाढली. कधी पेन विसरलं, कधी मांडणी हलतेय असं वाटलं. टुलिओ डब्यातलं पर्सिमन या रानफळाचं पुडिंग तिच्यासाठी राखून ठेवू लागला आणि ते आईने जास्त दिलं असं सांगू लागला.

एकदा त्याने तिला परांचीवर उतरवून एक चेहरा दाखवला. त्याच्या आजोबांनी लग्नाआधी आजीचा घडवलेला. आता नाक सपाट झालेलं. पावसाकडचा गाल धुतल्यासारखा पांढरा आणि गुळगुळीत, छज्ज्याखालचा काळाकुट्ट, फोड आल्यासारखा. मार्व्हाने समजावलं. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू ओलाव्यात मिसळून आम्ल होतो, आम्ल चुनखडीला चावतं आणि दगडाच्या कातडीचं जिप्सम होतं. पावसात ते विरघळून वाहून जातं, म्हणून दगड झिजतो. आडोशाला ते तिथंच साठतं, काजळी धरतं, खपली होते. एक दिवस ती खपली दगडाचा पापुद्रा घेऊनच गळते.

"आणि हा धूर कुठला?"

"थोडा सगळीकडचा. थोडा..." तिने नदीपलीकडच्या वीजकेंद्राच्या चिमणीकडे पाहिलं. "माझे बाबा तिथं भट्टीवर आहेत."

टुलिओने चिमणीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

"म्हणजे तुझ्या बाबांनी माझ्या आजीचं नाक खाल्लं."

तो 'तुझ्या' म्हणाला होता. नाकाचं ती विसरून गेली.

त्याच आठवड्यात त्याने सांगितलं की पूर्वेकडच्या एका मोठ्या चर्चकडून बोलावणं आलंय. दोन वर्षांचं कोरीवकाम. शुक्रवारी दगडाचा कारखाना बंद व्हायच्या आत तिथल्या फोनवरून होय की नाही ते कळवायचं होतं. सांगून झाल्यावर तो छिन्नीची धार अंगठ्यावर बघत राहिला — बराच वेळ.

"छान संधी आहे," मार्व्हा म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला.

नंतर तिने घरी दोन भांडी आपटली. बाबांनी वर्तमानपत्रातून मान काढून विचारलं, दगडवाल्याने काही केलं का? काहीच केलं नाही, तेच तर, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण मोजणाऱ्याने हात लावायचा नसतो, हा तिच्या कामातला पहिला धडा. जे घडेल ते घडू द्यायचं, नोंद करायची. तो तिच्या फार अंगवळणी पडला होता.

शुक्रवारी दुपारपासून आभाळ गच्च होतं आणि तिचं कशात लक्ष नव्हतं. ती जुन्या लाद्या तोलत होती. पावसात राहिलेल्या हलक्या झाल्या होत्या. मांडणीवरच्या पत्र्याखाली, आडोशाला ठेवलेल्या मात्र जड. तिने एक उचलून खिडकीशी धरली. वर काळसर पातळ साय. वजन वाढलं म्हणजे दगड वाढला नव्हता. आतलं खाल्लं जात होतं आणि वरून झाकलेलं होतं...

तिने तराजू तसाच सोडला.

कारखान्याच्या आवारात पोचेपर्यंत पाऊस कोसळू लागला. टुलिओ कचेरीच्या पायरीवर, वळचणीखाली उभा होता. आत काळा फोन दिसत होता.

"केलास?" तिने धापा टाकत विचारलं.

"अजून नाही. आत ये, भिजतेयस."

"नको. इथूनच बोलते." पाणी तिच्या पापण्यांवरून ओघळत होतं. "छान संधी आहे असं मी म्हणाले, ते... संधी छानच आहे. पण तू गेलेला मला चालणार नाही. जायचं तर जा, ते तुझं काम आहे. फक्त हे माहीत नसताना जाऊ नकोस."

आत वळून त्याने कारकुनाला सांगितलं की चर्चला फोन लावून आपण येत नाही असं कळव. आजीचं नाक आधी, चर्च नंतर.

मग तो पायरी उतरून पावसात आला आणि तिच्या कपाळावरचे ओले केस खरखरीत बोटाने बाजूला केले.

"शेवटी ताडपत्री काढलीस," तो म्हणाला. "मला वाटलं, या हिवाळ्यात गाठ सुटत नाही."