साक्षीदाराची सही

नोव्हेंबर आला की तिरोड्याच्या बँकेत पेन्शनवाल्यांची रांग लागायची. भूमेश्वरीचा फौजी नवरा आजारपणात गेला, तेव्हापासून तिलाही दरसाल एक कागद द्यावा लागे – 'मी पुन्हा लग्न केलेलं नाही.' पहिल्याच वर्षी साक्षीदाराने ऐनवेळी टांग दिली. ती रडकुंडीला आली, तसा मागे वडिलांच्या कामाला उभा असलेला इंद्रकुमार मास्तर पुढे झाला.

"तुमचं लगन नाही झालं, हे मी लिहून देऊ? पन मी तुमाले ओळखतो कुठं?"

"मंग ओळख करून घ्या ना!" ती म्हणाली… आणि तिने जीभच चावली.

तेव्हापासून दरसाल तीच रांग, त्याचाच पेन, बाहेर टपरीवर दोन चहा. नोव्हेंबर कधी येतो, असं तिला व्हायचं. चौथ्या वर्षी सही करता करता त्याचा हात थांबला.

"भूमेश्वरी… पुढच्या साली हे सही कराची पाळी नाही आली, तं बरं होईल."

तिच्या 'हो' अगदी ओठावर आलं. पण घरी सासू होती, मुन्नीबाई. पोटचा एकुलता पोरगा गेलेला, सारं औषधपाणी सुनेच्या पेन्शनवर.

"लगन केलं का पेन्शन बंद होते जी. बुढीले कोन पाहील?"

"साहेबाले इचारून तं पाहू!"

"नको! बाईनं असं इचारलं, तं सांजेपर्यंत गावभर बोभाटा होते."

त्याने वर्षभर वाट पाहिली. तिने बँकेत काही विचारलं नाही.

पाचव्या नोव्हेंबरात खिडकीवर नवी मॅडम होती. कागद चाळत ती सहज म्हणाली, "मूलबाळ नाही? स्वतःची कमाईही नाही? मग लग्न केलं तरी तुमची पेन्शन चालू राहते. जुना नियम आहे. कोणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? तिने विचारलंच कुठे होतं! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी, असं भूमेश्वरीला वाटलं.

तेवढ्यात इंद्रकुमार आला. दरसाल सही करायचा शब्द दिला होता म्हणून आला. नखांत हळद होती. त्याच्या लग्नाला आठच दिवस झाले होते.

"काय म्हनत होती मॅडम?"

"काई नाही," तिने कागद पुढे सरकवला. "सही करा जी."

त्याने केली. मग सवयीने म्हणाला, "चाय?"

"नको. घरी वाट पाहून राहिली असन ना… तुमची बायको."