दोर धरणारी

लाइट येईपर्यंत सांगतो, पण मधे कोणी बोलायचं नाही. माझा साडू एका छापखान्यात प्रूफं तपासतो. त्याच्याबाबतीत घडलेली गोष्ट आहे.

मागच्या वर्षीची मंगळवारची रात्र, पावणेबारा. एका जुन्या दंतकथेचं पुस्तक पहाटे मशीनवर चढायचं होतं आणि सोळा पानांत एक ओळ जास्त होत होती. कथेत राजपुत्र जादूच्या विहिरीत उतरतो. वर पाणक्याची मुलगी दोर धरून उभी राहते. तिच्या वाट्याला तेवढी एकच ओळ. साडूने तीच उडवली. हिच्यावाचून काय अडतंय?

"मग तिचं काय झालं?"

धाकट्या, मधे बोलू नकोस म्हटलं ना. राजपुत्र दुसऱ्या वाटेने बाहेर पडला, लग्न केलं. तिला सांगायला कोणी गेलंच नाही. झालं ते एवढंच.

मग साडूला कागदाचा गठ्ठा खाली सोडायचा होता. वर गोदाम, खाली मशीन, मधल्या जमिनीला चौकोनी भोक आणि कप्पीवरचा दोर. तिथला नियम पक्का: खालचा 'आलं' म्हणेपर्यंत वरच्याने दोर सोडायचा नाही.

गठ्ठा निम्म्यावर गेला आणि फोन वाजला. दोर हलका लागला. टेकला असेल, म्हणून साडूने सोडला.

"घरी येताय की छापखान्यातच संसार मांडलाय?" मेहुणी विचारत होती.

तेवढ्यात खालून मशीनवाला म्हणाला, "अहो मास्तर, गठ्ठा डोक्यावर लोंबतोय माझ्या. आज सोडणार की उद्या?"

साडूने हात पाहिले. एकात फोन. दुसरा रिकामा.

दोर ताठ होता. कप्पीपासून खोलीच्या मधोमधपर्यंत. तिथे कोणी नव्हतं.

दोर थरथरत होता... हात दमले की थरथरतो, तसा.

"बाजूला हो," साडू म्हणाला. "बाजूला..."

मशीनवाला सरला. गठ्ठा हळूहळू उतरला. टेकला.

"आलं."

दोर ताठच.

साडू दोराकडे वळला.

"बाई... तो आला. कधीच आला. दुसऱ्या वाटेने."

...

"सोड आता."

दोर हळूहळू सैल झाला. मग दोर जमिनीवर पडला.

ती ओळ त्याने परत घातली. राजपुत्राच्या लग्नातली एक काढली. कोणाला कळलंही नाही.

दोर आदल्याच दिवशी आणलेला, कोरा. सकाळी पाहिलं तर दोन जागी, शेजारी शेजारी, मुठी आवळून धरल्यासारखं सूत झिजून गुळगुळीत झालेलं. मी स्वतः धरून पाहिलाय.

माझी मूठ तिथे मावत नाही.