वेनहेवनची सनद

"ताई, उद्या सकाळी माझ्यावर पोलीस कंप्लेंट होणार आहे," श्रावणी म्हणाली आणि दारातच रडायला लागली.

"आधी आत ये. बूट राहू देत, नंदू पुसेल," जयंती कर्णिक म्हणाली.

जयंतीचं ऑफिस म्हणजे कॅनडात, मिसिसागातल्या तिच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. पंधरा वर्षं तिने इन्शुरन्स कंपनीसाठी खोटे क्लेम पकडले होते. आता लायसन्स घेऊन ती स्वतःच गुप्तहेर झाली होती. तिचा आतेभाऊ नंदू गाडी चालवायचा, चहा करायचा आणि दर केसमध्ये न चुकता भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

श्रावणी नागपूरची. कॉलेज संपवून एका ग्रोसरी स्टोअरमध्ये नोकरी करत होती आणि बळवंत देवस्थळींच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होती. देवस्थळी चौऱ्याहत्तर वर्षांचे, विधुर. जन्मभर एका संग्रहालयात जुनी कागदपत्रं दुरुस्त करत आलेले. त्यांच्याकडे एक आठशे वर्षांपूर्वीची सनद होती. इंग्लंडमधल्या वेनहेवन नावाच्या बंदराला तिथल्या जहागीरदाराने दिलेली, चर्मपत्रावर लिहिलेली, खाली हिरव्या मेणाची मोहोर. गुरुवारी संध्याकाळी तिचा डबा रिकामा निघाला.

"वरच्या घराची किल्ली तिघांकडेच आहे. काका, त्यांचा मुलगा चिरागदादा आणि मी. वॉशर आणि किचन वर आहे ना! दादा म्हणतो, उद्या सकाळपर्यंत सनद दे, नाहीतर पोलीस. ताई, माझी पीआरची, इथे कायम राहायच्या परवानगीची फाइल लागलीय. केस झाली तर सगळं बोंबललं!"

"आणि काका काय म्हणतात?"

"काहीच नाही. गप्प असतात."

ती लिफ्टकडे गेली तसा नंदू जयंतीच्या कानाशी लागला. "जये, किल्ली हिच्याकडे, पैशाची चणचण हिला…"

"तू गाडी काढ," जयंती म्हणाली.

बाहेर उणे सोळा होतं. देवस्थळींच्या ड्राइव्हवेवर जयंती मान वर करून थांबली. वरच्या मजल्यावर तीन खिडक्या. दोन लख्ख कोरड्या. तिसरीच्या काचेवर आतून बर्फाचा पांढरा थर चढला होता.

"अगं चल ना बाई, नाक गळून पडेल माझं!" नंदू करवादला.

चिराग तासाभरावरच्या किचनर शहरातून आला होता. सॉफ्टवेअरवाला, लॅपटॉप उघडाच. रविवारीसुद्धा!

"हिच्याशिवाय दुसरं कोण घेणार?" तो म्हणाला. "उद्या वेनहेवनहून जोन नावाच्या बाई सनद न्यायला येणार होत्या. बाबा ती त्यांच्या गावाला भेट देणार होते. हरवल्याचं बाबांनी कळवलं, त्यांनी फ्लाइट कॅन्सल केली. तीन वर्षं दर रविवारी दोघं सनदेवर बोलतात. बाबा दुसऱ्या कुणाशी एवढं बोलत नाहीत."

"तुम्ही किती वेळा फोन करता?"

"काम असतं हो," चिराग खाली बघत म्हणाला.

"वर कुठल्या खोल्या आहेत?"

"बाबांची बेडरूम, स्टडी आणि शेवटची आईची खोली. तीन वर्षं कुलूप आहे तिला. हीटिंगची गरम हवा येते तो जमिनीतला व्हेंटसुद्धा बंद. बाबा तिथे कुणाला जाऊ देत नाहीत."

"पोलिसांना अजून बोलावलं का नाही?"

"बाबाच नको म्हणतात. सारखं आपलं नको, नको!"

किचनमध्ये श्रावणी चिमुकल्या भांड्यात दोन खेपांनी चहा करत होती. "सॉरी ताई, मोठं पातेलं गुरुवारपासून सापडतच नाहीये. काका म्हणतात, असेल कुठेतरी."

"तेही हिनेच नेलं असेल," नंदू पुटपुटला. जयंतीने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो चहा प्यायला लागला.

बळवंतराव स्टडीत बसले होते. समोर सपाट, रिकामा डबा. शेजारी बंद ह्युमिडिफायर.

"हा बंद का?" जयंतीने विचारलं.

"चर्मपत्राला ओलावा लागतो. इथल्या हीटिंगच्या हवेत दोन दिवस ठेवलं तरी ते पापडासारखं आकसतं. आता डबाच रिकामा, मग कशाला चालवू?"

"काय होतं हो त्या सनदेत?"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम खुलला. "राजाने बंदराला दिलेले हक्क जहागीरदाराने कायम केले होते. गावच्या जहाजांना जकात माफ, दर बुधवारी बाजार. आणि गावात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेला माणूस गावचाच, त्याला कुणी हाकलायचं नाही. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला कॅनडात येऊन सहा वर्षं झाली होती, आणि शेजाऱ्याला माझं नावही माहीत नव्हतं."

"जोनबाईंना फार वाईट वाटलं असेल."

"नेहमीसारख्या दोन तास बोलल्या आज. म्हणाल्या, आपण शोधत राहू, दर रविवारी बोलू." ते हसले, आणि लगेच गंभीर झाले.

जयंतीने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.

"चिराग, चोर सनद घेऊन काय करेल? घराबाहेर नेईल, विकेल. पण ही सनद घरातच आहे. तुमच्या आईच्या खोलीत."

"काहीतरीच! ती खोली बंद आहे."

"बंद खोलीत, व्हेंट बंद असताना, काच कोरडी राहायला हवी. ह्युमिडिफायर चालायचा त्या स्टडीचीही आता कोरडी आहे. फक्त त्या खोलीच्या काचेला आतून बर्फ आलाय. म्हणजे आत वाफ आहे. कुणीतरी व्हेंट उघडून त्यावर पाण्याचं भांडं ठेवलंय आणि रोज पाणी भरतंय. श्रावणीचं मोठं पातेलं गुरुवारपासूनच गायब आहे. ह्युमिडिफायर हलवला असता तर तुमच्या लक्षात आलं असतं."

"अरे देवा!" नंदू म्हणाला. त्यालाही आता कळलं.

"चोरलेल्या वस्तूची इतकी काळजी कोण घेईल? जन्मभर असे कागद जपलेला माणूस. त्याच खोलीत कुणाला जाऊ न देणारा. पोलीस नको म्हणणारा. आणि सनद हरवल्यावर ज्याचा रविवारचा फोन बंद पडायच्या ऐवजी पक्का झाला, असा एकच माणूस आहे. खरं ना, काका?"

बळवंतरावांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"दिली असती तर त्या बाई कशाला फोन करणार होत्या मला?" ते म्हणाले. "आठवड्यातले ते दोन तास गेले असते तर मी काय करायचं होतं?"

चिरागने डोकं हातात धरलं. "सॉरी, श्रावणी," तो कसाबसा म्हणाला. "कंप्लेंट वगैरे काही नाही."

श्रावणीने त्याच्याकडे बघितलंच नाही. "काका, दादा माझं नाव घेतोय हे तुम्हाला माहीत होतं?"

"शुक्रवारी कळलं. मी त्याला म्हटलं ना, पोलीस नकोत म्हणून."

"पण 'ती नाही', असं म्हणालात?"

काकांनी टेबलावरची किल्ली बोटाने उगाच सरकवली.

"गेलं दीड वर्ष रोज रात्री आपण एकत्र जेवतो," श्रावणी म्हणाली. आता ती रडत नव्हती. "मला वाटायचं, माझं इथे कुणीतरी आहे. मी महिनाअखेरीला खोली सोडते, काका."

बळवंतराव खुर्चीतून अर्धवट उठले. त्या रोजच्या जेवणाची आठवण त्यांना आत्ता होत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"श्रावणी, आज तरी…" ते म्हणाले.

"मी खाली जेवेन," ती म्हणाली आणि बेसमेंटचं दार ओढून घेतलं.