चंचीतला चाकू

आम्ही निघालो ते दोन कामांसाठी. एक काम सगळ्या वाडीला ठाऊक होतं. वरच्या झऱ्याचा पाईप रानडुकरांनी चावून फोडला होता, तो जोडायचा. दुसरं काम माझ्या पानाच्या चंचीत होतं. भोरच्या बाजारातून आणलेला, मिटवला की मुठीत मावणारा चाकू! तो रोज कमरेला बाळगायच्या लायकीचा आहे का, हे त्या दिवशी ठरणार होतं. आणि त्यावर माझं रान ठरणार होतं.

त्याचं असं झालं. पावसाळ्यात शेरडांमागे फिरताना मी घसरून बसले, आणि कमरेला मागे अडकवलेला कोयता मांडीत घुसला. टाके पडले. तेव्हापासून माझे धाकटे दीर धनाजी भावजी यांनी कायदाच केला, की वैनींनी एकटीनं वर जायचं नाही. मी म्हटलं, कोयता नको तर नको, मिटणारं पातं नेते. पडले तरी मला कापणार नाही. भावजींनी चाकू घेतला आणि तोंडात टाकायच्या शेंगदाण्यासारखा तळहातावर उडवला.

"वैनी, ह्यानं काय लिंबू कापायचं?"

"कापलं की! लिंबू कापलं, सुतळी कापली, खताची गोणी फाडली. बकरीच्या खुरातला काटाबी काढला."

"घरात कुनीबी कापंल. वर चला. तितं चालला तर म्या एक शबूद बोलायचा न्हाई. न्हाई चालला, तर चाकू माज्या हातात आन् तुमी चुलीपाशी."

"एक शब्द न्हाई म्हंजे एक न्हाई हां, भावजी!"

तिसऱ्या होत्या बनाआत्या. वरच्या धनगरवस्तीवरच्या. झऱ्याची वाट त्यांच्याइतकी कोणाला माहीत नाही. त्यांचे गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही.

"चला रं," त्या म्हणाल्या, "तुमचं भांडान हुईस्तवर वाडी तान्हेली मरंल."

गुंजवण्याचं खोरं खाली राहिलं. धरणाचं पाणी उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. एवढं पाणी पायथ्याला आणि आमच्या वाडीतल्या बाया हंडे घेऊन ओढ्यात डबकं शोधत होत्या. भावजींनी नव्या पाईपचं वेटोळं नायलॉनच्या दोरीनं बांधून पाठीवर घेतलं होतं, दोरी छातीवरून आडवी. कमरेला अर्थातच कोयता.

कारवीत शिरलो आणि वारा बंद झाला. वाळलेल्या कारवीच्या काठ्या डोक्याच्या वर गेलेल्या, पायाखाली पाचोळा, आणि अंगावर उडणारी ती बारीक धूळ. पुढं चिल्हारीच्या वेलीनं बनाआत्यांचा पदर धरला. भावजींनी कोयता उपसला.

"लुगडं न्हाई तोडायचं! येल तोड!" आत्या ओरडल्या.

मी चाकू उघडला. खट्! आकडीसारखे काटे एकेक करून बुडातून सोडवले. लुगड्याला भोकसुद्धा नाही. भावजींनी आभाळाकडं पाहिलं, जणू तिथं घार आहे.

कड्याखाली सावलीत बसलो. आत्यांना पान हवं होतं. सासूबाईंची चंची मी अजून वापरते. पानसुपारी आणि चुन्याची डबी एका कप्प्यात, आणि महिन्याभरापासून त्याच कप्प्यात चाकूही. चुना लावून होत नाही तोच भावजी उठले. "ऊन चढतंय, आवरा!" मी घाईनं डबी दाबली, चाकू वर कोंबला आणि चंचीची दोरी ओढली.

आता कडा आला. कातळाच्या पोटातून जाणारी, पाऊलभर रुंदीची वाट. डावीकडं भिंत, उजवीकडं घळ. आत्या पुढं, मी मधे, भावजी मागं.

"मुळाला धरून या," आत्या म्हणाल्या. कातळातून उंबराची मुळं बाहेर आली होती. आम्ही दोघी पार झालो.

मागं दगड सुटला!

वळून पाहते तो भावजींचा पाय वाटेवर नव्हता. ते मुळाला धरून लोंबकळत होते. पाठीवरचं वेटोळं घळीत झुललं, दोरी मुळाच्या खुंटात अडकली आणि छातीवरून सरकून गळ्यात बसली. पाईपचं सगळं ओझं आता गळ्यावर! डोळे बाहेर आले. तोंडातून आवाज नाही.

बनाआत्या आडव्या झाल्या आणि त्यांनी भावजींचं मनगट धरलं.

"काप, सगुणे!"

भावजींचा कोयता त्यांच्याच अंगाखाली कातळाला दाबलेला. आणि हाती आला असता, तरी गळ्याशी कोयता कोण चालवणार?

मी चंचीत हात घातला. बोटं पांढरी झाली. डबी उघडली होती, चाकू चुन्यानं माखला होता. पातं ओढलं. हलेना! पुन्हा ओढलं. नख तुटलं. भावजींचे ओठ निळे पडत होते. मी पात्याची पाठ दातात धरली आणि मान मागं झटकली. जीभ भाजली. पातं उघडलं!

पण खट् झालं नाही. पातं उघडं धरून ठेवणारा खटका चुन्यानं भरला होता. पातं सैल, कधीही माझ्या बोटांवर मिटेल असं.

महिनाभर सुतळी कापली होती ती इथं उपयोगी पडली. धारेवर जोर असला की पातं मिटत नाही, उघडंच राहतं. टोक खुपसलं किंवा अडकलेलं पातं उलटं हिसकलं, तर बोटं गेली. म्हणून खुपसलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं दोरीखाली, त्यांच्या गळ्यावर ठेवली. धार बाहेरच्या बाजूनं टेकवली. दाबली. ओढली. एक पेड गेला. दुसरा गेला. "थांबा भावजी, थांबा..." तिसरा!

दोरी तुटली. वेटोळं घळीत गेलं. कितीतरी वेळ आपटत गेलं. आम्ही दोघींनी भावजींना वर ओढलं. ते कातळाला पाठ लावून खोकत राहिले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. हे पोर मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातचं जेवायला लाजायचं.

"पाईप..." ते म्हणाले.

"पाईप गेला," आत्या म्हणाल्या. "तू हाईस."

"मागं फिरू, वैनी."

"फिरायचं न्हाई!" मी म्हटलं. "माझी परीक्षा अजून अर्धीच झालीय."

झऱ्याशी पोचलो. आधी चाकू धुतला. करवंदीच्या काट्यानं खटक्यातला चुना कोरून काढला. आत्यांनी केसांतल्या खोबरेलाचं बोट सांध्यावर फिरवलं. खट्! तो आवाज ऐकून मला रडू आलं असतं, पण भावजी बघत होते.

जुना पाईप हातभर चावलेला होता. ताण येऊ नये म्हणून खडकामागं एक सैल वळसा ठेवलेला असतो, तेवढी लांबी पुरणार होती. चावलेला तुकडा मी गोल फिरवत कापून काढला, कोयत्यानं तो चेचला असता. एका तोंडाची कड सोलून निमुळती केली. आत्यांनी ओल्या कातळावर मूठभर गवत पेटवलं, भावजींनी दुसरं तोंड त्यावर धरलं. मऊ झालं.

"आता!"

तिघांनी जोर लावला. एक तोंड दुसऱ्यात बसलं. गार पाणी ओतलं आणि पाईपला कान लावला. आधी नुसती हवा. मग पोट गुरगुरावं तसा आवाज. मग तो आवाज खाली वाडीकडं पळत सुटला!

आम्ही पोचायच्या आधीच टाकीपाशी हंड्यांची रांग लागली होती. कोणीतरी विचारलं, "धनाजीभाऊ, गळ्याला वळ कसला?"

भावजी गप्प. एक शब्द बोलायचा नाही, ठरलं होतं ना! मीही गप्प बसले. बनाआत्या मात्र बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेरडं सोडायला गेले, तर चंची अडकवतो त्या खुंटीला काहीतरी काळं लोंबत होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, खालून दाभणानं शिवलेला. टाके वाकडेतिकडे. चाकू त्यात नेमका बसला.

अंगणात भावजी दात घासत होते. "चुन्यापासनं लांब ठिवा," ते दुसरीकडं बघत म्हणाले.

"बोलायचं न्हाई ठरलं होतं."

त्यांनी चूळ भरली. मी चाकू कमरेला खोचला आणि शेरडांना हाक दिली. मी फाटकाशी पोचले, तसं भावजींना राहवलं नाही.

"एकट्याच?"

"एकटीच," मी म्हटलं, आणि वर निघाले.