घरात माणसं किती?

कारखान्यात कुठल्या कामाला किती मिनिटं लागतात, हे मोजण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे बाबा दर महिन्याला बिलं भरण्यात अख्खी सकाळ घालवायचे, ते पाहून माझं डोकं फिरायचं. वीज, गॅस, फोन आणि शेवटी पाणी. पाणीपट्टी माणशी होती. पाणी कार्यालयाच्या खिडकीतला कारकून विचारायचा, "घरात माणसं किती?" बाबा सांगायचे, "चार." मग शिक्का.

"तो दर महिन्याला तेच विचारतो, तुम्ही तेच सांगता," एका रविवारी मी म्हणालो. "फोनवर एकदाच भरून टाकलं की कटकट संपली."

"ते तोंडाने सांगावं लागतं," बाबा म्हणाले. "माझे वडीलही सांगायचे."

"तुम्हाला दुसरा उद्योग नाही, म्हणून चाललंय हे सगळं!"

जरा जोरातच बोललो मी. बायकोने मान वर केली नाही. मुलगी उठून आत गेली.

बारा मिनिटांत चारही बिलं आपोआप भरली जातील अशी सोय मी केली. पाण्याच्या अर्जात माणसांच्या रकान्यात आधीच 'तीन' होतं. बदलायला गेलो तर पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तीन तर तीन, चार पैसे वाचतील, म्हणून तसंच पुढे गेलो.

एक तारखेला बिल भरल्याचा संदेश आला. दुसऱ्या दिवशी टेबलावर चहाचे तीनच कप होते. बाबांना बोललो त्याचा हा राग, मी ओळखलं. मीही काही कमी नाही. माझा चहा मी करून घेतला.

न्हाणीघरात टॉवेलांसाठी चार खुंट्या होत्या. त्या आठवड्यात तीनच दिसल्या. चौथीच्या जागी मी बोट फिरवून पाहिलं. भिंतीला भोक नव्हतं. रंगही जुनाच होता.

पुढच्या महिन्याचा संदेश आला त्या संध्याकाळी मी कामावरून परतलो, तर दारात मुलगी उभी होती. माझ्याकडे बघत तिने आत हाक मारली, "आई, कोणीतरी आलंय."

"आपल्याला काही नकोय म्हणावं," आतून बायको म्हणाली.

मी मुलीला बाजूला सारून आत शिरलो. बाबा खिडकीशी बसले होते. घरात मला बघणारे तेवढेच उरले होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

"पाण्याच्या खिडकीवर जाऊन सांगावं लागेल."

"मग तुम्ही जा ना! तुम्हाला तो ओळखतो."

"मी कशाला जाऊ?" ते शांतपणे म्हणाले. "माझा वेळ वाचवलास ना तू?"

सकाळी कामावर दांडी मारून मी रांगेत उभा राहिलो. तासभर. माझ्या घरात मला जागा हवी होती, बाकी काही नको होतं.

"घरात माणसं किती?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"चार."

"नक्की?"

"चार म्हणतोय ना!"

शिक्का बसला. मी जवळजवळ पळतच घरी आलो.

किल्ली फिरेना.

आत ताटांचा आवाज होता. मुलगी खळखळून हसत होती. मी दार वाजवलं.

साखळी न काढता बायकोने फटीतून पाहिलं. "कोण हवंय?"

तिच्या खांद्यावरून मला न्हाणीघराचं उघडं दार दिसलं. चार खुंट्या. चौथीवर ओला टॉवेल.

टेबलावर चार ताटं होती. माझ्या खुर्चीतल्या माणसाने मागे न वळता, वैतागून विचारलं, "दाराशी किती मिनिटं लावतेस?"

आवाज माझाच होता.

बाबा सरळ माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला ओळखलं होतं.

मग त्यांनी भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.