करून राहिलो

अंकुर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. बाकीचा अंकुर दोनशे चार नंबरच्या खोलीतल्या बेसिनखाली होता, आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याच्या चपलांचे ठसे उमटले होते. मी चांगलीच तापले. तो बाहेर निघाला, ठसे पाहिले, अन् माझ्याच हातातलं फडकं घेऊन पुसायला बसला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं!

भंडाऱ्याच्या हायवेवरचं आमचं हॉटेल. मी तिथं खोल्यांच्या साफसफाईची सुपरवायझर, तो वरठीहून मोटरसायकलने येणारा मेंटेनन्सवाला. त्याच वर्षी पुण्याच्या मालकांनी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. खोली साफ झाली की हिरवी, तक्रार असली की लाल. मी तक्रार टाकायची, त्याने दुरुस्ती करून ‘पूर्ण’ दाबायचं. पण अंकुर बटण हमखास विसरायचा. काम हाती घेतलं की शेऱ्यात तेवढं लिहायचा — ‘करून राहिलो’. नळ, पंखा, गीझर... सगळीकडे ‘करून राहिलो’. ते वाचून मी एकटीच हसायचे.

एके दिवशी पुण्याहून मॅनेजरांना फोन आला. अठ्ठावीस कामं राहिली असं हा माणूस स्वतःच लिहून देतो, मग त्याला ठेवायचं कशाला? संध्याकाळपर्यंत यादी हिरवी करा, नाहीतर दुसरा माणूस बघा.

तो नसलेलं हॉटेल मला नको होतं, हे मला तेव्हा कळलं. मी स्वतः पुण्याच्या ऑफिसात फोन लावला. आमच्याकडे ‘करून राहिलो’ म्हणजे करतोय, राहिलं नाही, हे तिथल्या बाईंना तीनदा समजावलं. त्या म्हणाल्या, कामं झालीत ते तपासून सांगा. मग खोली-खोली हिंडले. प्रत्येक नळ सोडून पाहिला, प्रत्येक पंखा लावून पाहिला. सगळं ठीकठाक. सत्तावीस कामं हिरवी झाली.

अठ्ठाविसावं मात्र माझ्याच चादरींच्या खोलीतलं. खिडकीची कडी. तीन महिने तो रोज यायचा, ती हलवून बघायचा, चार गोष्टी बोलून जायचा. कडी तशीच लोंबकळत होती. मी त्याला बोलावून घेतलं.

“हे काहून नाही केलं?”

तो कडीकडेच बघत राहिला. कान लाल.

“केलं असतं तर... मंग इथं कायले आलो असतो?”

“नोकरी गेली असती ना तुमची.”

“गेली असती,” तो हळूच म्हणाला. “पण रोज तुमच्यासंग बोलाले तर भेटत होतं...”

मी पेचकस त्याच्या हातात दिला. दोन मिनिटांत कडी बसली. यादी हिरवी झाली, नोकरी वाचली, आणि मला उगाच रडू आलं. आता तो कशाला येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तक्रार टाकली — चादरींची खोली, कडी लागत नाही. तो धावत आला. कडी लावून पाहिली, काढून पाहिली.

“चांगली तर लागून राहिली, मॅडम.”

“मले माहीत आहे,” मी म्हटलं. “अन् मॅडम नोको म्हणू आता. हर्षा म्हण.”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि मोबाइल काढून, शेऱ्यात काहीच न लिहिता, परत खिशात टाकला. तक्रार लालच राहिली.

ते ॲप आता गेलं, हॉटेलही दुसऱ्याने घेतलं. आमच्या वरठीच्या घराच्या मागच्या दाराची कडी दोन महिन्यांपासून लोंबकळते आहे. विचारलं की अंकुर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, “करून राहिलो ना.” मला त्यातलं ‘राहिलो’ तेवढंच ऐकू येतं, आणि मी कडी तशीच लोंबकळू देते.